चावी फिरवू नका, आबा!

मित्रांनो, मी एक जुनी जीप. माझा रंग कधीकाळी हिरवा होता. आता त्याला नेमका कोणता म्हणावा हे मलाही सांगता यायचं नाही. माझ्या चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते, त्यामुळे चिखल असो, वाळू असो की नांगरलेलं रान, मी वाट काढतेच. दुसऱ्यांच्या अडकलेल्या गाड्या मी किती ओढून काढल्या असतील! पण एकदा मी स्वतःच पाण्याखाली गेले. टपासकट गेले. आज तुम्हाला तीच गोष्ट सांगायची आहे.

कारखान्यातून निघाल्यावर माझी पहिली नोकरी सरकारी होती. साहेब लोकांना घेऊन मी पाझर तलाव बघत हिंडायचे. तेव्हा रोज सकाळी मला कोणीतरी पुसायचं आणि आठवड्यातून एकदा धुवायचं. पुढे नव्या गाड्या आल्या आणि बीडमध्ये एका भिंतीकडेला मला उभं केलं ते केलंच. माझ्या चाकांभोवती गवत वाढलं. सीटवर मांजरीनं पिल्लं घातली. मला वाटायचं, आता आपलं संपलं.

मग लिलावाच्या दिवशी जालिंदर आले. एसटीवर ड्रायव्हर म्हणून सगळी हयात घालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. बाकीचे लोक माझा पत्रा ठोकून बघत होते. जालिंदरांनी मात्र बॉनेट उघडलं, इंजिनावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "चलती का घरी?"

मित्रांनो, मी चालले! उमापूरजवळच्या त्यांच्या गावात पोहोचले तेव्हा त्यांची बायको मुक्ताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ही तुमी चालवणार का ढकलणार?" पण दुसऱ्याच दिवशी त्या कापसाच्या गाठोड्यांवर ऐटीत बसून माझ्यातून बाजाराला निघाल्या.

ती वर्षं फार आनंदाची गेली. बाजाराच्या दिवशी मी माणसांनी भरून जायचे. ऊसतोडीला निघालेल्यांची भांडीकुंडी मी त्यांच्या ट्रकपर्यंत पोहोचवायचे. विजयादशमीला बुद्धविहारापुढं उभी असले की माझ्या टपाला निळ्या पताका लावत, आणि सगळी पोरं आत बसायला भांडत. जालिंदरांची मुलगी यशोधरा त्यांत सगळ्यात पुढे. ती मात्र सीटवर बसायची नाही, माझ्या खाली शिरायची. "हे काय हाय, आबा? अन् हे कावून फिरतंय?" मोठी झाल्यावर ती बीडच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिकली. पास झाली, पण ज्या गॅरेजात लागली तिथं तिला बिलं लिहायला बसवलं. कोणी तिच्या हातात पाना दिला नाही. शेवटी ती गावी परतली. फारसं बोलायची नाही. माझं ऑइल बदलताना तेवढी तिच्या चेहऱ्यावर कळा यायची.

आणि मग तो पाऊस आला.

दिवसरात्र कोसळत होता. आमच्या गावाशेजारचा ओढा, ज्यात एरवी शेळीचे खूर भिजत नाहीत, तो नदीसारखा रुंद झाला. ओढ्यापलीकडे आमच्या गावातल्या शहादेवचा आखाडा, म्हणजे शेतावरचं घर आहे. शहादेव ट्रॅक्टर घेऊन गेवराईकडे गेला होता, तो तिकडेच अडकला. आखाड्यावर त्याची म्हातारी आई वत्सलाबाई एकटीच. सकाळी कोणीतरी ओरडत आलं, "वत्सलाबाईच्या आखाड्यात पाणी शिरलं!"

जालिंदरांनी खुंटीवरची चावी ओढली. मुक्ताबाई म्हणाल्या, "जरा इचार करा." ते म्हणाले, "येऊन करतो."

आम्ही निघालो! ओढ्यावरच्या फरशी पुलावर तेव्हा गुडघाभर पाणी होतं. जालिंदरांनी माझी पुढची चाकंही जोडली, लहान गिअर टाकला आणि मी पाणी कापत, एकदाही न थांबता पलीकडे गेले. वत्सलाबाई कडब्याच्या गंजीवर बसल्या होत्या, मांडीवर शेळी.

"चला मावशी, बसा पटकन!"

"आधी हिला घी."

"आवं, पाणी वाढायलंय!"

"मग आधी हिला घी."

शेळी मागच्या सीटवर चढली तेव्हा कुठे वत्सलाबाई पुढे बसल्या. पण तेवढ्या वेळात पाणी वाढलं होतं. परत येताना पुलाच्या मधोमध एक लोंढा आला आणि थेट माझ्या बॉनेटवर चढला. पाणी आता माझ्या श्वासाच्या नळीपर्यंत पोहोचणार, तोच जालिंदरांनी स्वतःच्या हातानं माझं इंजिन बंद केलं. हे लक्षात ठेवा मित्रांनो, कारण पुढे सगळं त्यावरच अवलंबून होतं.

काठावरच्या लोकांनी दोर फेकला. जालिंदरांनी तो माझ्या पुढच्या हुकाला बांधला. वत्सलाबाई दोर धरून पुढे, जालिंदर खांद्यावर शेळी घेऊन मागे. एकेक पाऊल टाकत दोघं काठाला लागले आणि लोकांनी केवढा जल्लोष केला! मीही मनातून ओरडले. तेवढ्यात माझ्या मागच्या चाकाखालची फरशी सरकली, दोर तुटला आणि मी कलंडत पुलावरून खाली गेले.

पुढचं मला अंधुक आठवतं. गढूळ पाणी, अंगावर आपटणारी लाकडं, आणि मग बाभळीच्या झाडांत घट्ट अडकलेली मी.

पूर ओसरला तेव्हा मी खालच्या शेतात होते. सीटवर गाळ, दिव्यांत पाणी, आरशाला लव्हाळं. जालिंदर आले, माझ्या बॉनेटवरचा गाळ हातानं पुसला आणि परत गेले. संध्याकाळी त्यांनी पप्पू भंगारवाल्याला फोन केला. पप्पू म्हणाला, बाजाराच्या दिवशी टेम्पो अन् गॅसकटर घेऊन येतो, जागेवरच तुकडे करू. जालिंदरांनी त्याला शब्द दिला.

ही गोष्ट वत्सलाबाईंच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या काठी टेकत जालिंदरांच्या दारात हजर!

"जालिंदर, तिला कापाया निघालास म्हणं?"

"मावशी, तिच्यात आता काय ऱ्हायलंय? आतून सगळी चिखल झालीया."

"म्या बी त्याच पाण्यातून आलते. मला कापतो का?"

 तेवढ्यात आतून यशोधरा आली. कितीतरी दिवसांत तिचा आवाज एवढा चढलेला कोणी ऐकला नव्हता.

"आबा, एकच सांगा. पुलावर इंजिन तुमी बंद केलं, का आपूनच बंद पडलं?"

"मीच बंद केलं. पाणी चढायलं बघून."

"नक्की?"

"अगं, आयुष्यभर स्टिअरिंग धरलंय म्या!"

यशोधरानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाली, "मंग ती मेली न्हाई, आबा! चालत्या इंजिनानं पाणी ओढलं असतं तर आतले दांडे वाकले असते. ते सरळ असतील. मला बाजाराच्या दिवसापर्यंत द्या. मग कापा, मी आडवी येणार न्हाई."

शहादेव तोवर ट्रॅक्टर घेऊन परतला होता. त्यानं माझ्या मागच्या हुकात साखळी अडकवली. बाभळीचे काटे कराकरा ओरखडत मी बाहेर आले आणि ट्रॅक्टरमागून घरंगळत जालिंदरांच्या अंगणात पोहोचले. यशोधरा पान्यांची पेटी आणायला घरात गेली. जालिंदरांना तेवढाही धीर निघेना. ते माझ्या सीटवर चढले आणि त्यांनी खिशातून चावी काढली.

"चावी फिरवू नका, आबा!" यशोधरा अनवाणीच धावत आली. "आत पाणी भरलंय! आत्ता फिरवली तर जे वाचलंय ते बी वाकंल!"

वत्सलाबाईंनी जालिंदरांच्या हातून चावी काढून घेतली, पदराच्या गाठीला बांधली आणि स्वतःच माझ्या ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसल्या. "आता बघू कोण फिरवतंय ते," त्या म्हणाल्या. पुढचे सगळे दिवस त्या शेतातली कामं उरकून यायच्या आणि त्याच जागी बसायच्या.

मग काम सुरू झालं! आधी आंघोळ. पाइपानं गाळ धुताना माझ्या सायलेन्सरमधून एक खेकडा बाहेर पडला आणि शहादेवनं एवढी उडी मारली की मुक्ताबाई हसून हसून खाली बसल्या. मग यशोधरानं बॅटरी सोडवली. इंजिनाच्या तळाचा बोल्ट उघडला. आधी नुसतं पाणी आलं, मग दुधाच्या चहासारखं ऑइल. गिअरबॉक्समधून तेच, दोन्ही अ‍ॅक्सलमधून तेच. डिझेलची टाकी उतरवली, तिच्यातही गाळ. स्टार्टर उघडून त्याचे भाग मुक्ताबाईंनी बाजेवर सांडग्यांसारखे उन्हात मांडले आणि कोंबड्यांना हाकलत बसल्या.

यशोधरानं माझ्या डोक्यातले, आत डिझेल फवारणारे चारही नोझल काढले, म्हणजे इंजिनात भरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट झाली. मग पुढच्या मोठ्या नटाला पाना लावून ती मला हातानं फिरवू लागली.

मी फिरले नाही.

तिनं पान्याला पाइप लावला. शहादेव मदतीला आला. मी फिरले नाही. मित्रांनो, मी किती जोर लावत होते, तुम्हाला काय सांगू! पण माझ्या आत गंज धरला होता. तिनं नोझलच्या भोकांतून डिझेल ओतलं, मुरू दिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाना लावला. पुन्हा तेच. शहादेव मान खाली घालून बिडी ओढत बसला. जालिंदर म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. तू लई केलंस."

यशोधरा पाना टाकून गोठ्यामागे गेली. मुक्ताबाई तिच्या मागे गेल्या. मला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"गॅरेजवाला बराबर म्हणत होता, आई. मला बिलंच लिहाया येतंय."

"त्याला काय माहीत? त्यानं तुला इंजिन दिलंच कवा?" मुक्ताबाई म्हणाल्या. "मला सांग, अडकलंय काय?"

"पिस्टन. गंजानं भिंतीला धरून बसलंय."

"मंग सारखं एकाच अंगाला कावून वढता? आपला हापसा अडकल्यावर आपुन काय करतो? जरा खाली, जरा वर, जरा खाली, जरा वर. सुटतो का न्हाई?"

 मग पायांचा धपधप आवाज. यशोधरा धावत आली, डोळे अजून ओलेच.

"शहादेवदादा, उठा! पान्यानं न्हाई करायचं. अख्खी गाडी हालवायची! वरचा गिअर टाकते, चाकं हालली की इंजिन हालंल. जरा म्होरं, जरा माघारी. आजी, स्टिअरिंग सरळ धरा!"

"म्या कवापास्नं धरूनच बसलेय," वत्सलाबाई म्हणाल्या.

शेजारचे चारसहा जण आले. अर्धे पुढून, अर्धे मागून. "म्होरं! माघारी! म्होरं! माघारी!" मी नुसती टायरांवर डोलत होते. लोकांना घाम फुटला. आणि मग, मित्रांनो, माझ्या पोटात खोलवर कुठंतरी 'टक्' असा आवाज झाला. माझ्याशिवाय तो फक्त यशोधरानं ऐकला.

"हालली!" ती किंचाळली. "सुतभर हालली! थांबू नका!"

सुतभराचं बोटभर झालं, बोटभराचं वीतभर झालं. सगळ्यांनी एकदाच जोर लावला, आणि माझं इंजिन गर्रकन फिरलं. नोझलच्या भोकांतून गढूळ पाण्याच्या आणि डिझेलच्या चिळकांड्या आभाळात उडाल्या! शहादेवचा पांढरा सदरा काळा झाला. जालिंदरांना चष्म्यातून काही दिसेना. "दांडे सरळ हायत! आबा, सरळ हायत!" म्हणत यशोधरा नाचत होती आणि त्या काळ्या पाण्यात सगळं अंगण तिच्याबरोबर नाचत होतं.

पण काम अजून पुष्कळ होतं. नवं ऑइल घातलं, मला फिरवलं, तर ते पुन्हा दुधाळ झालं. यशोधरा वैतागली नाही. काढलं, परत घातलं. तिसऱ्यांदा ते मधासारखं स्वच्छ राहिलं. नोझल आणि टाकी साफ करून परत बसवली, ब्रेक उघडून चिखल काढला, चाकांच्या बेअरिंगला नवं ग्रीस भरलं. स्टार्टर मात्र वाचला नाही. वायरीही गाळानं खाल्ल्या होत्या. तेव्हा ठरलं, ट्रॅक्टरनं ओढूनच मला चालू करायचं. माझं इंजिन जुन्या पद्धतीचं डिझेल. त्याला पेटायला ठिणगी लागत नाही.

बाजाराचा दिवस उजाडला. गाव बाजारात जायचं सोडून आमच्या अंगणात जमलं. शहादेवनं ट्रॅक्टरला साखळी बांधली. वत्सलाबाईंनी पदराची गाठ सोडून चावी यशोधराच्या हातात ठेवली. जालिंदर स्टिअरिंगवर बसायला पुढे आले, दारापाशी थांबले आणि मागे सरकले.

"तू बस."

"मी, आबा?"

"मला कळायचं न्हाई कवा क्लच सोडायचा. तू तिला आतून बघितलंस."

ट्रॅक्टर निघाला. गावाबाहेरच्या रस्त्यावर यशोधरानं तिसऱ्या गिअरवर क्लच सोडला. मी खोकले. नुसतीच खोकले. पुन्हा ओढलं. सायलेन्सरमधून एक पिचकारी उडाली आणि पांढरा धूर आला, पण मी पेटले नाही. "पाइपात हवा हाय," यशोधरा म्हणाली. ती खाली उतरली, डिझेलच्या पंपाचा स्क्रू सैल करून पंप हातानं दाबत बसली. डिझेलबरोबर बुडबुडे यायचे थांबले तेव्हा स्क्रू घट्ट केला.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं हॉर्न ऐकू आला. एकदा, दोनदा, मग सारखाच.

"पप्पू आला," जालिंदर म्हणाले.

"शहादेवदादा, ओढा!"

साखळी ताणली. मी धावू लागले. यशोधरानं क्लच सोडला. धक्, धक्, धक्... आणि मग, मित्रांनो, माझ्या एका सिलिंडरमध्ये आग पेटली! मग दुसऱ्यात! एवढा काळा धूर निघाला की मागचं गाव दिसेनासं झालं, आणि त्या धुरातून शिट्ट्या, टाळ्या, "चालू झाली! चालू झाली!" असा ओरडा येत राहिला. मी थरथरत होते, खडखडत होते, आणि चालत होते! यशोधरा रडत होती की हसत होती, मला ठरवता येईना. वत्सलाबाईंनी माझ्या चाकापुढं नारळ फोडला आणि मुक्ताबाईंनी तो सगळ्यांना वाटला.

पण हॉर्न अजून थांबला नव्हता. कोणीतरी धावत आलं. "पप्पूचा टेम्पो ओढ्याच्या उतारावर रुतलाय! अर्धी चाकं चिखलात गेलीत, अन् एका अंगाला कलंडायलाय!"

शहादेव ट्रॅक्टर वळवू लागला. यशोधरानं जालिंदरांकडे बघितलं. जालिंदर उडी मारून तिच्या शेजारी बसले. वत्सलाबाई मागून चढल्या.

माझी पुढची चाकं जोडली गेली. लहान गिअर पडला. ती ओळखीची ताकद माझ्या चारही पायांत उतरली आणि मी उतारावरच्या काळ्या चिखलात शिरले. टेम्पो एका बाजूला झुकला होता. आत गॅसचं नळकांडं, कटर आणि घाबरलेला पप्पू. जालिंदरांनी साखळी अडकवली. यशोधरानं हळूच, अगदी हळूच क्लच सोडला. माझी चाकं घसरली, फिरली, चिखल मागे उडाला... मग टायरांना खालची मुरमाड जमीन लागली. मी एकेक वीत पुढे सरकले. टेम्पो सरळ झाला. चिखलानं 'फच्च' करून त्याची चाकं सोडली आणि तो माझ्या मागे निमूट वर आला.

पप्पू खाली उतरला. माझ्याकडे बघतच राहिला.

"जालिंदरकाका, ही तीच जीप?"

"तीच."

"आवं, म्या हिला कापाया आलतो अन् हिनंच मला वर काढलं!"

"पप्पू, दिलेला शब्द मोडतो बघ म्या," जालिंदर म्हणाले.

"मोडा काका, खुशाल मोडा!" पप्पूनं माझ्या बॉनेटला हात लावला. मग जरा लाजत विचारलं, "ही दुरुस्त केली कुणी? माझी मोटारसायकल बी पुरात होती. म्या ती तशीच ठिवलीया."

वत्सलाबाईंनी काठीनं यशोधराकडे खूण केली. "मेकॅनिक तिथं बसलीया. नीट विचार तिला."

त्यानंतर आमच्या अंगणात कोण कोण आलं! पप्पूची मोटारसायकल आली, विहिरीवरच्या मोटारी आल्या, एक पिठाची गिरणी आली. पुरानं गावोगाव किती यंत्रं बुडवली होती! काही सुधारली, काही खरंच संपली होती, आणि ते यशोधरा स्पष्ट सांगायची. आता अंगणात पत्र्याची शेड उभी आहे. बिलं जालिंदर लिहितात. त्यांचं अक्षर वाईट आहे, पण तक्रार कोणी करत नाही.

मित्रांनो, मी काही पूर्वीसारखी झाले नाही. माझा एक दिवा अजून मिणमिणतो, आणि पावसाळी हवेत सीटमधून गाळाचा वास येतो. पण मी धावते. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, तुमच्या घरातलं एखादं यंत्र पाण्यात गेलं तर घाई करून ते चालू करू नका, आणि घाई करून टाकूनही देऊ नका. आधी त्याचा चिखल धुवा, त्याला कोरडं करा, आणि ज्याला त्याचं काम कळतं त्याच्या हाती द्या. आणि तुमच्या घरात कोणाला ते काम शिकायचं असेल, तर त्या मुलीच्या हातात पाना द्या. ती चुकेल, ऑइल दोनदा बदलावं लागेल. लागू द्या.

आज सकाळपासून माझ्या मागच्या सीटवर पान्यांची पेटी ठेवली आहे. वडवणीला एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर पुरापासून उभा आहे, तो बघायला यशोधराला बोलावलंय. रस्ता अजून दोन ठिकाणी वाहून गेलेला आहे म्हणतात. जालिंदर शेजारच्या सीटवर डबा घेऊन बसलेत, मुक्ताबाई फाटक उघडतायत, आणि यशोधरानं आत्ताच माझी पुढची चाकं जोडली.